वळणावरची वाळू

२ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

रविवारी गटारी. दुपारपासून ग्रुपवर एकच खल चाललाय, कुठं बसायचं. पानशेतला कॉन्ट्रॅक्टरच्या ओळखीचं शेतघर आहे, पण २५ जुलैच्या पावसात सिंहगड रस्त्यावर लोकांच्या घरांत पाणी शिरलं, त्यानंतर तिकडचा रस्ता कसा आहे हे कुणालाच धड माहीत नाही. शेवटी भूगावच्या पुढं एका ढाब्यावर ठरलं. सकाळी मुळशीपर्यंत राइड, दुपारी मटण, मग बसायचं.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. वाचलंय हे सगळ्यांना दिसतंय.

आज ४१७ दिवस झाले. १२ जून २०२३ पासून थेंब घेतलेला नाही. ग्रुप मात्र त्याहून जुना आहे, पंधरा वर्षांचा. बँकवाले, कॉन्ट्रॅक्टर, मास्तर, चाकणचे दोघे भाऊ आणि मी. (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या, मीटिंगमध्ये ऐकलेलं नाव बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे. या वहीतही मी तोच पाळणार आहे.) या पाच जणांबरोबर मी लडाख सोडून जवळजवळ सगळं फिरलो. माझं लग्न ठरलं तेव्हा बोलणी करायला बँकवाले आले होते. वडील गेले त्या रात्री मास्तर ससूनच्या बाहेर माझ्याशेजारी पायरीवर बसून होते. ‘पिणारे मित्र सोडून द्या’ हे सांगायला सोपं आहे, आणि काही लोकांना ते करावंच लागतं. मला ते करायचं नाही. पण काय करायचं हेही अजून नीट कळलेलं नाही.

रात्री लिहिलं : ‘मुळशीपर्यंत येतो. चहा झाला की परत फिरणार.’ मास्तरांनी लगेच अंगठा पाठवला. कॉन्ट्रॅक्टरनं काहीच पाठवलं नाही.

४ ऑगस्ट, रविवार, दीप अमावस्या

गेलो नाही. पहाटे साडेचारपासून मुसळधार. ढाब्यावर ते कारनं गेले.

आई सकाळपासून समया, निरांजनं, कंदील चिंचेनं घासत होती. मी पार्किंगमध्ये बुलेटचं पॉइंट कव्हर उघडून बसलो. २००६ चं कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला. या गाडीचा पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायचा असतो. फीलर गेजचं पातं मध्ये घालायचं आणि नुसतं ओढून पाहायचं. किंचित अडलं पाहिजे, दाबायला लागता कामा नये. आज पहिल्याच फटक्याला पातं आत गेलं आणि मी तिथंच थांबलो.

कारण २०२२ ची एक सकाळ आठवली. हेच कव्हर उघडं, हेच पातं हातात, आणि हात असा थरथरत होता की पातं पॉइंटच्या कडेवर टकटक वाजत होतं. पंचवीस वर्षं भोसरीत फिटर म्हणून काम केलेला माणूस मी, शंभराव्या भागाचं माप हातानं सांगणारा. आत गेलो, कपाटामागची चपटी काढून दोन घोट उतारा घेतला, दहा मिनिटं थांबलो. मग पातं सरळ आत गेलं. त्या दिवशी मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला होता, काम झालं म्हणून.

संध्याकाळी आईनं सगळे दिवे पाटावर मांडले. ग्रुपवर ढाब्याचे फोटो येत होते. फोन उलटा ठेवला.

११ ऑगस्ट, रविवार

भुलेश्वर. श्रावणातली पहिली राइड. सोलापूर रस्त्यानं यवतपर्यंत सरळ, मग उजवीकडं वळून डोंगरावर. श्रावण असल्यानं गर्दी होतीच, तरी सकाळी साडेसातला गाभाऱ्याबाहेरच्या त्या काळ्या दगडातल्या मूर्तींपाशी दोन मिनिटं उभं राहता आलं.

श्रावणात आमच्यातलं कुणीच पीत नाही. मास्तर दाढी करत नाहीत, कॉन्ट्रॅक्टर अंडंसुद्धा खात नाही. महिनाभर आम्ही सहा जण सारखे असतो. राइड संपली की मिसळ, चहा, टायरच्या किमती, पोरांच्या ॲडमिशन. कुणाला घरी जायची घाई नसते आणि मलाही कुठून पळ काढावा लागत नाही.

यवतला चहा घेताना बँकवाल्यांनी विचारलं, अगदी मनापासून, “आम्ही महिनाभर ठेवतोच की बंद. तुला तेवढंही का जमत नव्हतं?”

मी म्हटलं, “जमत होतं, साहेब. मीही श्रावण पाळायचो. २०१९ पर्यंत एकही चुकवला नाही.”

तेच तर झालं होतं. वर्षातला एक महिना बंद ठेवता येते हा पुरावा मी दहा वर्षं स्वतःला आणि बायकोला दाखवत आलो. पोळ्याच्या अमावस्येपर्यंतचे दिवस मोजत असायचो, हे मात्र कुणाला दाखवलं नाही. बँकवाल्यांनी ऐकून घेतलं, बिल त्यांनीच दिलं. उठताना म्हणाले, “मी दिवस मोजत नाही रे.” मग हेल्मेट हातात धरून थोडे थांबले आणि म्हणाले, “म्हणजे, मोजतो असं वाटत नाही.”

२९ ऑगस्ट, गुरुवार

आज मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा वाढदिवस. १९८६ मध्ये याच तारखेला येरवड्याला मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये देऊ केले, आणि डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र उभं केलं. मी तिथं दाखल झालो तेव्हा दोघंही हयात नव्हती. डॉक्टर १९९७ मध्येच गेल्या, अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत.

तिथं मला एक गोष्ट फार लागली. माझ्या शेजारच्या कॉटवर विदर्भातला एक ट्रक ड्रायव्हर होता. तो म्हणायचा, “मी गाडीवर कधीच नाही प्यायलो. गाडी लावूनच प्यायलो.” मीही हेच म्हणत आलो होतो. आम्ही सगळेच रायडर हे म्हणतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. पिऊन चालवत नाही, पोचल्यावर पितो. पण पोचल्यावर रात्री एक वाजेपर्यंत प्यायचं आणि सहाला किक मारायची, याचा हिशेब आमच्यापैकी कुणी कधी मांडला नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झालं. आज सकाळी नऊला कॉन्ट्रॅक्टरचा मेसेज : ‘बाप्पा गेले. आता?’

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारच्या पोरांनी नेहमीप्रमाणे किक मारायला मागितली. जुन्या बुलेटची किक जोराची नसते, वेळेची असते हे त्यांना दाखवलं. डीकॉम्प दाबायचा, किक हळूहळू खाली न्यायची, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं, डीकॉम्प सोडायचा, किक पुन्हा वर घ्यायची आणि मग एकच मारायची, पूर्ण. घाई केली तर किक उलटी येते आणि घोटा धरून बसावं लागतं.

संध्याकाळी दादा, वहिनी आणि पुतण्या सोनं द्यायला आले. पुतण्या आता एकोणीसचा आहे. जिना चढताना डावा पाय अजून किंचित मागं ठेवतो. घोट्यात प्लेट आहे.

तो अपघात इथं लिहायलाच हवा, आजवर कुठंच लिहिलेला नाही. फेब्रुवारी २०२३. श्रीवर्धनहून परत येत होतो, तो माझ्या मागं बसला होता. विळे सोडून ताम्हिणीचा घाट चढताना एका डाव्या वळणावर मागचं चाक सरकलं. वळणावर वाळू होती, हे खरं. ती मला दिसली होती, हेही खरं. दिसल्यावर थ्रॉटल सोडून गाडी सरळ करायला जेवढा वेळ लागतो तेवढा माझ्याकडं होता. हात उशिरा हलला. त्याचा पाय गाडीखाली आला. मला नुसतं खरचटलं.

सगळ्यांना सांगितलं, वाळू होती. पोलिसांपर्यंत काही गेलंच नाही, रक्त कुणी तपासलं नाही. ऑपरेशनचा खर्च दादानं केला. मला एक रुपया मागितला नाही.

वहिनी तेव्हापासून कुणीही गाडीवर निघालं की जिन्यात येऊन म्हणते, “वाळू बघून जा हं.” आजही जाताना म्हणाली. मला म्हणाली.

२० ऑक्टोबर, रविवार

मीटिंग. पिंपरीतल्या एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर. आपल्याकडं सोडलेला माणूस पुन्हा प्यायला लागला की ‘स्लिप झाला’ म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला घाटच दिसला. पडणारा कधी म्हणत नाही की मी पडलो. गाडी स्लिप झाली, असं म्हणतो.

मीटिंग संपल्यावर एका जुन्या सभासदानं मला बाजूला घेतलं. बावीस वर्षं झालीत त्यांना. मी रायडर आहे हे माहीत असल्यानं त्यांनी अमेरिकेतल्या ॲक्रनची गोष्ट सांगितली. १० जून १९३५ हा सहसंस्थापक डॉ. बॉब यांनी शेवटचा पेला घेतल्याचा दिवस ए.ए.चा स्थापनादिन मानला जातो. दरवर्षी जूनमध्ये तिथं मेळावा भरतो आणि रविवारी सकाळी दारू सोडलेले मोटरसायकलस्वार ओळीनं डॉ. बॉब यांच्या कबरीपर्यंत जातात. किती गाड्या असतील, कसा आवाज येत असेल, याचाच मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. आपण एकटे नाही हे कुणी शब्दांत सांगितलं की मला फारसं खरं वाटत नाही. इंजिनांची ती रांग डोळ्यासमोर आली आणि वाटलं.

निघताना ते म्हणाले, “नववी पायरी कुठवर आली?” ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याकडं जाऊन भरपाई करायची, ती पायरी. मी म्हटलं, बायकोचं झालं, आईचं झालं. पुतण्याचं नाव मी यादीत लिहिलंच नव्हतं. त्यांना ते माहीत नाही. मला माहीत आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार, आंबोली

गोव्याला निघालो. बुधवारी विधानसभेचं मतदान झालं. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूची दुकानं बंद, उद्या मोजणी म्हणून पुन्हा बंद. म्हणून आजच निघून उद्या राज्याबाहेर असायचं हा कॉन्ट्रॅक्टरचा बेत. मी येणार की नाही यावर बायकोशी तीन रात्री बोललो. शेवटी ती म्हणाली, “तू घरात बसून कुढत राहिलास तर मला जास्त भीती वाटेल. पण खोली वेगळी घे.” घेतली. किल्ली खिशात आहे, गाडी फाटकाकडं तोंड करून लावली आहे, कुणाच्याही गाडीआड येणार नाही अशी.

राइड सुरेख झाली. खंबाटकी चढताना ऊन वर येत होतं. कराडला नाश्ता, कोल्हापूर दुपारी बारापूर्वी, मग कागल, निपाणी, आजरा. आजऱ्यानंतर रस्त्याला झाडी लागते, वास बदलतो, आणि बुलेटचा आवाज झाडांवर आपटून परत यायला लागतो. तीनशेचाळीसएक किलोमीटर झाले. चालवताना दारू आठवत नाही. पिण्याच्या दिवसांतही आठवायची नाही, म्हणून तर मी गाडीला औषध समजत होतो. गाडी बंद केल्यावर जो पहिला तास असतो तो जड. हेल्मेट काढलं की कानात अजून गुणगुणत असतं, मनगटं आखडलेली, पोटात काही नाही, आणि सहा जणांनी एकत्र काहीतरी पार पाडल्याचं सुख अंगात असतं. त्या सुखावर शिक्का मारायला म्हणून ग्लास लागायचा. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार वेळा सांभाळा असं मुक्तांगणमध्ये शिकवलं होतं. राइडनंतर त्यातल्या दोन तरी हमखास येतात.

म्हणून मी पोचल्या पोचल्या जेवतो. बाकीच्यांनी बाटल्या उघडल्या तेव्हा माझ्यासमोर भात आणि कुळथाचं पिठलं होतं. मास्तरांनी आज मला आग्रह केला नाही, कुणीच केला नाही. पंधरा महिन्यांपूर्वी ‘एक बीअरनं काय होतंय’ म्हणणारे हेच. सव्वानऊच्या सुमारास बर्फाचा आवाज आला. जाड काचेच्या ग्लासात बर्फाचा खडा पडून फिरतो तो. माझ्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं. खरंच सुटलं, सतरा महिन्यांनी. मी उठलो, “चेन बघून येतो” म्हणालो. कुणी हसलं नाही.

बाहेर थंडी होती. मोबाइलचा टॉर्च दातांत धरून चेन पुसली, ऑइल लावलं, चाक हातानं फिरवलं. चेन खाली-वर अडीच सेंटीमीटरभर हलते का पाहिलं, ढिली नव्हती. पुन्हा पुसली. मग पिंपरीच्या त्या जुन्या सभासदांना फोन केला. त्यांनी विचारलं, “जेवलास?” म्हटलं, हो. “मग झोप.” बस, एवढंच. आता लिहितोय. शेजारच्या खोलीतून जुनी गाणी ऐकू येतायत, मास्तर सुरात आहेत.

२३ नोव्हेंबर, शनिवार, मांद्रे

आजचा दिवस मोठा होता.

पहाटे पाचला जाग आली. एकटाच हिरण्यकेशीला जाऊन आलो. गुहेतून येणारं पाणी, पायाला बोचणारं. परत आलो तर साडेसहाला मास्तर जॅकेट घालून, गाडीला चावी लावून उभे. सातला निघायचं ठरलं होतं. डोळे लाल, चेहरा ताजातवाना दाखवायचा प्रयत्न. मला म्हणाले, “चल, घाट धुक्यात उतरू. मजा येईल.”

त्यांच्या तोंडाचा वास आला. आणि मला माणगावचा चहाचा ठेला आठवला. ताम्हिणीत पडलो त्या सकाळी आम्ही तिथं थांबलो होतो.

मी म्हटलं, “मास्तर, काल किती झाली?”

“फार नाही. एक बीअर आणि एक नीप.”

जेवणाच्या बिलाची पाठकोरी बाजू घेतली आणि त्यांच्यासमोर मांडलं. मास्तर गणित शिकवतात, त्यांना भाषण पटलं नसतं. ६५० मिलिलिटर स्ट्राँग बीअर, आठ टक्के धरली तर ५२ मिलिलिटर अल्कोहोल, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम. नीप १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिलिलिटर, सुमारे ६१ ग्रॅम. बेरीज १०२. लिव्हर तासाला सात-आठ ग्रॅम जाळतं. आंघोळ केली, काळी कॉफी प्यायली, लिंबू पिळलं तरी तो वेग वाढत नाही. तेरा-चौदा तास. नऊला सुरुवात केली होती.

मास्तरांनी पेन घेऊन पुन्हा एकदा भागाकार केला. “साडेदहा,” ते म्हणाले. “अकरा.”

“कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आत्ता फुंकर मारायला लावली तर तुम्ही आत जाल. पण मला पोलिसांची काळजी नाही. खाली अठ्ठावीस-तीस किलोमीटर वळणं आहेत.”

एवढ्यात कॉन्ट्रॅक्टर बाहेर आला, मागून बँकवालेही. त्याला हे सगळं ऐकू गेलं होतं. “तू सोडलीस, चांगलं केलंस,” तो म्हणाला, “आता आम्हाला कीर्तन नको. पंधरा वर्षं असेच उतरतोय, कुणाला काय झालंय?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कुणाला काय झालंय हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही. त्यांनाही मी वाळूच सांगितली होती. मी खरं सांगितलं असतं तर गेल्या पावणेदोन वर्षांत हे लोक निदान एकदा तरी थांबले असते. हे मला त्या अंगणात, हातात बिलाचा कागद धरून उभा असताना पहिल्यांदा कळलं. लपवल्यामुळं फक्त माझी अब्रू वाचली होती.

म्हणून सांगितलं. तिथंच, तिघांसमोर. श्रीवर्धनची रात्र, किती घेतली, किती वाजता संपली, किती वाजता निघालो. वळण. “वाळू दिसली होती मला,” म्हटलं. “हात हलला नाही.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. कॉन्ट्रॅक्टर आत गेला. सातला तो आणि चाकणचे दोघे भाऊ निघून गेले. गाड्यांचा आवाज वळणावळणानं खाली जात असताना मी प्रत्येक वळणाला श्वास धरत होतो. मास्तर आणि बँकवाले थांबले. मास्तर पुन्हा झोपले. बँकवाल्यांनी दोन वेळा चहा मागवला, पेपर वाचला. आम्ही अकरा वाजता निघालो, उन्हात, धुकं केव्हाच गेलं होतं. सावंतवाडीला मोती तलावाकाठी जेवलो.

मांद्र्याला पोचलो तेव्हा तिघं सुखरूप होते. देवाची कृपा. कॉन्ट्रॅक्टर माझ्याशी बोलत नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

परतीचा दिवस. सकाळी कॉन्ट्रॅक्टर स्वतःहून आला. मला वाटलं, मिटलं. त्याच्या हातात पिशवी होती, सहा बाटल्या. “तुझ्या बॅगेत टाकतो. इन्सुलीच्या नाक्यावर तुझ्याकडं कोण बघणार? तू पीत नाहीस हे तोंडावरच दिसतं.”

गोव्यात स्वस्त मिळते, आणि परत येताना एक्साइजवाले तपासतात. पेपरात ‘गोवा बनावटीची दारू’ अशी बातमी येते ती हीच. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, बंद बाटल्या आहेत, तुला काय धोका? त्याला कसं समजवायचं? चारशे किलोमीटर माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर सहा खंबे. रात्री खोलीत बॅग माझ्याबरोबर. मी जवळून पाहिलेली प्रत्येक स्लिप अशाच कुठल्यातरी बंद बाटलीपासून सुरू झाली.

“मी तुझ्यासाठी रक्त देईन,” म्हटलं, “पण हे नाही नेणार.” त्यानं माझ्याकडं पाहिलं. पिशवी मालकाला परत देऊन आला की दुसऱ्या कुणाच्या बॅगेत टाकली, मी विचारलं नाही.

आज मात्र कुणीही सकाळी लवकर निघालं नाही. कारण कुणी बोललं नाही. दहाला नाश्ता, अकराला गाड्या. चाकणच्या धाकट्यानं रात्री एकच बीअर घेतली होती असं बँकवाल्यांकडून कळलं.

१ डिसेंबर, रविवार

पुतण्याला बोलावलं होतं, टॅपेट सेट करायला मदत कर म्हणून. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला या जुन्या इंजिनाचं वेड आहे. पायाचं एवढं झालं तरी बुलेटवर राग धरला नाही त्यानं.

टॅपेट कव्हर उघडलं, दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरवून दाखवले. फिरतो पण वरखाली हलत नाही, एवढंच ठेवायचं. त्यानं स्वतः करून पाहिलं. हात काळे झालेले असतानाच मी म्हटलं, “तुला एक सांगायचंय. श्रीवर्धनहून येताना...”

“काका,” तो म्हणाला, पुशरॉडवरची नजर न काढता, “मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“माणगावला चहा प्यायला थांबलो होतो. तुमच्या तोंडाला वास येत होता.”

मला काही सुचेना. “मग बसलास कशाला?”

“तुम्ही काका होतात. तुम्ही हेल्मेट घातलंत, बस म्हणालात. मी बसलो.”

सतरा वर्षांचा होता तो तेव्हा. हे वाक्य मी दिवसभर मनातून काढू शकलो नाही, आणि काढायचंही नाही. मी माफी मागितली. मीटिंगमध्ये शिकवल्याप्रमाणं, ‘पण’ न लावता, वाळूचं नाव न घेता. त्यानं मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मी विचारलंही नाही, तेवढा हक्क माझ्याकडं नाही. जरा वेळानं म्हणाला, “आईबाबांना मी सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगा.”

कव्हर बसवताना गास्किटची बाजू त्यानं उलटी धरली होती, मी सरळ करून दिली.

८ डिसेंबर, रविवार

मास्तरांचा फोन. पुढच्या राइडला निघायची वेळ दहा ठेवायची, की आदल्या रात्री बसायचंच नाही, यावर ग्रुपवर मत घेणार आहेत. कॉन्ट्रॅक्टर अजून गप्प. मास्तर प्यायचे थांबलेले नाहीत, आणि मी त्यांना तसं म्हटलेलंही नाही. त्यांनी भागाकाराचा तो कागद पाकिटात ठेवलाय असं म्हणाले.

दादाकडं जायला आज वेळ होता. गेलो नाही.

१५ डिसेंबर, रविवार

गेलो. पुतण्या सकाळी घ्यायला आला. म्हणाला, किक मी मारतो. डीकॉम्प दाबला, काटा मध्यावर आणला, थांबला. “आला ना?” “आला.” एका किकमध्ये सुरू झाली. मग त्यानं मागच्या सीटकडं मान केली. लायसन्स आहे त्याचं, आठ महिन्यांचं. मी हेल्मेट घातलं आणि मागं बसलो. मागं बसल्यावर पुढचा रस्ता दिसत नाही, चालवणाऱ्याची पाठ दिसते. हे मला आज कळलं. देहूरोडपासून तळेगावपर्यंत मी त्याच्या पाठीकडं पाहत होतो.

दादा पेपर वाचत होता. वहिनीनं पोहे दिले. मी सगळं सांगितलं, रात्री किती घेतली होती इथपासून. दादानं पेपर घडी करून बाजूला ठेवला, मग पुन्हा उघडला, मग पुन्हा घडी केली. विचारलं फक्त एवढंच, “आता किती दिवस झाले?” “पाचशे बावन्न.” तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. वहिनीनं माझी अर्धी राहिलेली पोह्यांची बशी उचलून आत नेली.

ऑपरेशनच्या पैशांतले पहिले वीस हजार पाकिटात घालून नेले होते. टीव्हीजवळ ठेवले. कुणी हात लावला नाही, कुणी परतही केले नाहीत.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आली. पुतण्याला म्हणाली, “काकांना सोडून लवकर ये.” मला म्हणाली, “पोचलात की फोन करा.” मी दोन पायऱ्या उतरून थांबलो, तिचं नेहमीचं वाक्य यायचं राहिलं होतं म्हणून. ती दार लावून आत गेली होती.